सवतीचा टाक
मेलेल्या सवतीचा टाक, म्हणजे तिची चांदीची प्रतिमा, गळ्यात बांधूनच मी या घरात आले. नवं लुगडंसुद्धा आधी टाकाला दाखवायचं, मग नेसायचं. लग्नानंतर मालक मला पैठणला घेऊन गेले. गुरुजींच्या वंशावळीच्या वहीत मालकांनी स्वतः लिहिलं आणि म्हणाले, "तुझं नाव घातलं बघ." पन्नास वर्षं ते मी जावांना ऐकवलं. साठीनंतर नातीकडून अक्षरं शिकले. काल मालकांच्या अस्थी घेऊन पैठणला गेले, तेव्हा गुरुजींनी तेच पान उघडलं. मी बोट ठेवून वाचलं: म्हाळू, पत्नी दगडाबाई. दगडाबाई म्हणजे सवत. "आई, तुझं नाव हाय का?" लेकानं विचारलं. "पेन दे इकडं." वाकले तसा टाक पानावर टेकला. तो पदरात खोचून दगडाबाईच्या डोक्यावर माझं नाव लिहिलं. गुरुजी म्हणाले, "मावशी, खाली जागा होती की." "पन्नास वर्सं खालीच व्हते."