काहीतरी राहिलंय
बोटीनं धक्का सोडला तरी तिच्या जिवाला चैन पडेना. “अहो, घरी काहीतरी राहिलंय.” नवरा वैतागला. “गॅस बंद, नळ बंद, कुलूप तर तू स्वतः तीनदा ओढून पाहिलंस. आता मजा कर की!” सासरे गेल्याच आठवड्यात राहायला आले होते. त्यांच्यापासून लांब नको, म्हणून तिनं मुद्दाम आपल्याच बंदरातून निघणारी दोन रात्रींची क्रूझ निवडली होती. नणंद रोज डबा आणणार होती. निघायच्या वेळी ते गाढ झोपलेले, म्हणून दोघं चोरपावलांनी बाहेर पडली. तिनं दुर्बिणीतून आपली गॅलरी शोधली. सासरेबुवा दोन्ही हातांनी चादर हलवत होते. “बोटीला नाक मुरडणारे बाबा बघ कसे टाटा करतायत!” नवरा हसला. आपणही रुमाल हलवावा म्हणून तिनं हौसेनं पर्समध्ये हात घातला, तर बोटांना लागल्या कुलपाच्या दोन्ही किल्ल्या.