वाऱ्याकडे तोंड

सरांनी प्रबंध चौथ्यांदा चाळला आणि पुन्हा सहीच्या पानावर येऊन थांबले. समोर त्यांची विद्यार्थिनी बसली होती. सही झाली तर तीन वर्षांचं चीज, नाही तर तीन वर्षं पाण्यात.

पोरगी त्यांना लेकीसारखी होती. अडचण एवढीच, की तिने त्यांच्याच पहिल्या शोधाला सुरुंग लावला होता. विमानाच्या पंखाचा जाड भाग जरा पुढे सरकवला, तर ठरावीक वेगाला हवेचा विरोध घटतो, असं सरांनी बत्तीस वर्षांपूर्वी वाऱ्याच्या बोगद्यात मोजून दाखवलं होतं. त्या एका लेखाने त्यांचं नाव झालं, प्रयोगशाळा उभी राहिली, दोन पुस्तकं आली. दुसऱ्यांच्या बोगद्यांत मात्र तो आकडा कधी नीट आला नाही. सर म्हणत, नाचता येईना अंगण वाकडं.

हिचं अंगण तर सरांचंच होतं, आणि आकडा नेमका उलटा.

"सर, रागावू नका," ती म्हणाली. "तेव्हा पंखाचा नमुनाच उलटा बसला असेल का?"

सर हसले. या प्रश्नाचं उत्तर खात्रीने ठाऊक असलेला जगात एकच माणूस होता, आणि तो म्हणजे ते स्वतः.

एवढ्यात मिस्त्री आले. बोगद्याचा पंखा, झडपा, नमुने, सगळं त्यांनीच सांभाळलेलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी दर गुरुवारी चहाला यायचे. आल्या आल्या त्यांनी टेबलावर बोट फिरवून धूळ पाहिली आणि हल्लीच्या माणसांना कामाची चाडच नाही, हे नेहमीचं ऐकवलं. सर नेहमीसारखं 'हो हो' म्हणाले. दोघांचा एकमेकांवर फार जीव होता.

चहा आला तसं सरांनी त्यांना जवळ बसवलं. आज एक जुनी गोष्ट सांगतो, म्हणाले, पण वाईट वाटून घेऊ नका.

तो प्रयोग झाला तेव्हा मिस्त्री कामावर अगदी नवे, चौथाच दिवस. मोठे साहेब कडक. चूक दिसली की माणूस घरी. पंखाचा नमुना लाकडी होता, दोन्ही टोकं जवळजवळ सारखीच. बोगद्याच्या तळाशी गोल चकती असायची, नमुना तिच्यावर बसायचा, आणि खालच्या दांड्याने चकती फिरायची. मिस्त्री चहा सांगायला गेले तेव्हा सरांनी सहज वाकून पाहिलं, तर नमुन्याची शेपूट वाऱ्याकडे आणि तोंड मागे. नव्या माणसाच्या पोटावर पाय यायला नको, म्हणून सरांनी चकार शब्द काढला नाही. दांडा धरून चकती अर्धा फेरा फिरवली, वरची झडप लावून घेतली आणि पंखा सुरू करायला पलीकडच्या खोलीत गेले. लाकूड जपून वापरायचे दिवस होते. दुसऱ्याच सकाळी साहेबांनी तो नमुना तासून पुढच्या प्रयोगाला घेतला, त्यामुळे पुन्हा मोजायचा प्रश्नच आला नाही.

"तेव्हा उलटा नव्हता तो," सर विद्यार्थिनीला म्हणाले. "मी माझ्या हाताने सरळ केला होता. खोट तुझ्याच मोजण्यात आहे, पोरी. मला सही करता येणार नाही."

तिने प्रबंध आपल्याकडे ओढून घेतला.

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"इतकी वर्षं बोलला नाहीत," ते म्हणाले.

"तुम्हाला लाजवायचं नव्हतं."

"मलाही तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं, सर. चहा सांगायला निघालो आणि अर्ध्या जिन्यात आठवलं, की आपण तोंड मागे बसवलंय. धावत परत आलो, तर झडप लावलेली, आतलं काही दिसेना, आणि तुम्ही पंख्याकडे गेलेले. मग मी गुपचूप दांडा धरला आणि चकती अर्धा फेरा फिरवली."