एकसष्टावं पान

हॅल्वर्सन सरांनी तिसऱ्यांदा घसा खाकरला, तेव्हा पासेक बाई म्हणाल्या, "खोकल्याची गोळी देऊ, की काही बोलायचंय?"

"बोलायचंय."

"मग आधी कोलाची खा. खसखशीची आहे. विद्यार्थी होतात तेव्हा एका बैठकीत सहा संपवायचात."

सरांनी बशीतला एक मऊ, गोड पाव उचलला आणि तसाच हातात धरून ठेवला.

आयोवातल्या त्या विद्यापीठात सरांनी छत्तीस वर्षं अमेरिकन साहित्य शिकवलं होतं. उद्या निरोपाचं जेवण. भाषणं कोण करणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि प्रत्येक भाषणात कोणता परिच्छेद येणार, हेही. त्यांच्या प्रबंधातला, एकसष्टाव्या पानावरचा. पाठ्यपुस्तकांत तो 'हॅल्वर्सनचं घर' या नावानं छापला जाई:

'रोमँटिक लेखक डोंगरावर चढला आणि तिथून त्यानं आपल्या घराकडे पाहिलं. घर सुंदर दिसलं. वास्तववादी खाली उतरला, घरात शिरला आणि चुलीवर काय शिजतंय ते पाहून आला. आधुनिक लेखक पोचला तेव्हा घर जळून गेलं होतं. तो राखेतल्या काचा वेचत बसला.'

शंभर वर्षांचं साहित्य पोरांना एका दमात पाठ व्हायचं.

हा परिच्छेद सरांनी लिहिलेला नव्हता.

त्यांनी लिहिलं होतं ते सनावळ्यांनी भरलेलं एक रटाळ पान. प्रबंध टाइप होऊन, बांधून थेट परीक्षकांकडे गेला होता. मुख्य परीक्षकांनी एकसष्टावं पान मोठ्यानं वाचलं, "वा!" म्हणाले, आणि तेव्हा सरांना कळलं की आपल्या प्रबंधात काय आहे. ते लाजून खाली बघू लागले. परीक्षकांना तो विनय वाटला.

कोणी लिहिलं असेल, हा हिशेब सोपा होता. हस्तलिखित फक्त टायपिस्टकडे गेलं होतं. आणि टायपिस्ट लोरेटा पासेकचं माहेरचं घर जळालेलं होतं. तिनंच ते एकदा सांगितलं होतं. विचारायला जावं, तर बाई नवऱ्याच्या नोकरीपायी ओमाहाला निघून गेलेल्या. सरांना हायसं वाटलं. हायसं वाटल्याची लाज मात्र कायमची राहिली.

त्या लाजेतून वजा करायला सरांकडे एकच रक्कम होती: ऑरिन टीग. त्यांच्याहून एक वर्ष मागे असलेला, अबोल, हिरव्या शाईनं लिहिणारा. पुढच्याच सत्रात टीगच्या प्रबंधात हाच परिच्छेद निघाला. चौकशीत तो म्हणाला, हे मी लिहिलंय. पुरावा म्हणून हस्तलिखित घेऊन आला, तर त्यात नेमकं तेवढंच पान नाही! हरवलं, म्हणून आठवणीतून पुन्हा लिहून टाइप करून घेतलं, म्हणाला. समिती हसली. मग सरांना बोलावून विचारलं, "हा परिच्छेद तुमचाच ना?"

"माझाच," सर म्हणाले.

टीगनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. आठवड्याच्या आत तो गाव सोडून गेला.

'माझाच' हे खोटं होतं, हे सर मनातल्या मनात कबूल करत. पण टीगची चोरी तर खरी होती! परिच्छेद कोणाचाही असो, त्याचा नव्हता. एवढ्या उशीवर सरांना छत्तीस वर्षं झोप लागली.

गेल्या महिन्यात पासेक बाई, नवरा वारल्यावर, गावात परतल्या होत्या.

"बाई," सर म्हणाले, "एकसष्टावं पान."

बाईंच्या हातातलं कॉफीचं भांडं हवेतच थांबलं. "कळलं होतं तुम्हाला?"

"पहिल्याच दिवशी."

"अगं बाई!" त्या खुर्चीत बसल्या. चेहरा गळ्यापर्यंत लाल झाला. "आणि मला ओमाहाहून तुम्हाला नाताळचं एक कार्ड टाकायचा धीर झाला नाही कधी. कॉफी सांडली हो. अख्खा कप, बरोब्बर तुमच्या पानावर. एक अक्षर लागेना. तुम्ही गावी मक्याच्या कापणीला गेलेले, घरी फोन नाही, आणि सोमवारी सकाळी प्रबंध द्यायचा. म्हटलं, पान गाळलं तर पोराचं वर्ष जाईल."

"म्हणून ते तुम्ही भरलंत."

"भरलं. वाटलं, एवढ्या जाडजूड प्रबंधात एक पान कोण वाचतंय! खरं सांगू? आधीची साठ टाइप करताना मला दोनदा डुलकी लागली होती."

सर हसले. कित्येक वर्षांत त्यांना असं मोकळं हसू आलं नव्हतं. हातातल्या कोलाचीचा त्यांनी घास घेतला.

"उद्या जेवणात मी उभा राहून सांगणार आहे, बाई. सगळ्यांसमोर. तो परिच्छेद माझा नाही, लोरेटा पासेकचा आहे. माझी अब्रू जायची ती जाऊ दे. तुम्ही फक्त येऊन बसा."

 बाई खिशातला रुमाल तोंडाला लावून खदखदून हसल्या.

"माझा? अहो, दहावीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही! मला रोमँटिक म्हणजे शनिवारी नाचाला नेणारा नवरा, तेवढंच माहीत."

सरांचा घास तोंडातच राहिला.

"टेबलावर दुसऱ्या एका पोराचा प्रबंध येऊन पडला होता," बाई उठत म्हणाल्या. "विषय तुमचाच. त्यातलं एक पान घेतलं आणि तुमच्यात बसवलं. मग आमची बांधाबांध निघाली, त्याचं बाड टाइप न करताच परत दिलं. हे एक माझ्याकडेच राहिलं. नंतर परत द्यायची लाज वाटली."

टाइपरायटरच्या पेटीच्या झाकणातून त्यांनी एक पिवळा पडलेला कागद काढला आणि सरांच्या पुढ्यात ठेवला. शाई अजूनही हिरवीगार होती.

"एवढं सुरेख लिहिलेलं," बाई म्हणाल्या. "त्यानं कधी काही म्हटलं नाही का हो?"