मागचं दार

चिखल वाळून दगड झाला होता. पाणबुडीच्या मागच्या खोलीत एका वेळी दोघीच मावत, आणि नर्सबाईच्या वाट्याला नेमकी ती म्हातारी यायची. दोघी एकमेकींकडे पाठ करून छिन्नी मारत बसायच्या.

म्हातारीचा धाकटा भाऊ याच खोलीत बुडून मेला होता. नर्सबाईच्या बाबांनी त्याला मारला, असं अख्खं बंदर म्हणायचं.

गंजून पडलेली पाणबुडी भंगारात जाऊ नये म्हणून सुटीच्या दिवशी हौशी मंडळी जमत. कुणी वेल्डर, कुणी रंगारी, कुणी निवृत्त शिक्षक. सगळे फुकट राबणारे. नर्सबाईला मात्र पाणबुडीशी काही देणंघेणं नव्हतं. तिला त्या खोलीच्या दारापर्यंत पोचायचं होतं, आतल्या बाजूने.

पाणी शिरलं तेव्हा आत तिघे होते. दार बंद झालं म्हणून पाणबुडी वाचली, बाकीचे सगळे सुखरूप वर आले. पण आतून दार ठोठावल्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला, आणि तो सगळ्यांनी ऐकला. दाराबाहेर तेव्हा एकटे बाबा होते, इंजिनाचे मिस्त्री. झालं! साहेबलोकांना बळीचा बकरा आयताच मिळाला. पुढे अंधाऱ्या पाण्यात उतरून प्रेतं वरच्या झाकणातून काढली, दाराकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग खोलीत गाळ भरला तो भरलाच. याला म्हणे चौकशी!

आणि बाबा? "दार बंद झालं, साहेब," एवढीच त्यांची साक्ष. पुढे तोंडातून ब्र नाही. शाळेत पोरं तिला "दारबंद्याची पोर" म्हणून चिडवायची. ती रडत घरी आली की बाबा तिची विस्कटलेली वेणी सोडून पुन्हा घालायचे आणि म्हणायचे, बोलू दे लोकांना. तिला त्यांचाच राग यायचा. मिठाची गुळणी धरून बसायला हा काय देवमाणूस लागून गेला?

आता बाबा अंथरुणाला खिळले होते. नर्स होती, तिला दिसत होतं की फार दिवस नाहीत. जायच्या आधी त्यांच्या कपाळावरचा हा डाग पुसायचा, बाकी तिला काही नको होतं.

त्या दिवशी दुपारी एक ढेपूळ निखळलं आणि दाराचं चक्र उघडं पडलं. चक्राच्या आऱ्यांतून एक जाड पट्टा ओवून शेजारच्या पाइपला करकचून बांधला होता. वर दोन गाठी. बाहेरून दहा जण लटकले असते तरी चक्र हललं नसतं.

म्हातारीने छिन्नी खाली ठेवली आणि गाठी चाचपून पाहिल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती नर्सबाईशी बोलली.

"म्हणजे तुझ्या बापाने नाही लावलं."

"नाही."

"आतल्याच कुणीतरी लावलं. माझा भाऊ ठोठावत होता, आणि याने गाठी मारल्या."

पट्ट्याच्या पितळी बकलावर खलाशाचा नंबर ठोकलेला होता. धक्क्यावरच्या दगडावर तिघांची नावं होती, नंबरांसकट. नंबर जुळला तो तिसऱ्याशी. तो अनाथालयात वाढलेला, बायको नाही, घरदार नाही. बाकी दोघांच्या नावांशी फुलं असायची, याच्या नावापुढे कधी कुणी थांबलंसुद्धा नव्हतं. मंडळींना हायसंच वाटलं. शिव्या घातल्या तर दुखावणारं कुणी नव्हतं.

वेल्डर तेवढा पुटपुटला की त्याने सगळ्यांना वाचवायलाच बांधलं असेल, पाणी पुढे गेलं असतं तर एकही जगला नसता.

नर्सबाई भडकली. "त्या दोघांना विचारलं होतं त्याने? आणि त्याच्या पापाचं गाठोडं माझ्या बाबांनी जन्मभर वाहिलं, ते?"

तिने गंजावर मारायच्या लाल रंगाचा डबा उचलला आणि दगडावरच्या त्या नावावर ब्रश फिरवला. सगळी अक्षरं दिसेनाशी होईपर्यंत फिरवला. कुणी अडवलं नाही. म्हातारीने तिच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा तिला हुंदका आवरेना.

घरी ती जवळजवळ पळतच गेली. चपलासुद्धा काढल्या नाहीत. बाबांच्या उशाशी बसून तिने एका दमात सगळं सांगितलं, गाळ, पट्टा, गाठी, नंबर. बाबा छताकडे बघत ऐकत होते.

"त्याचं नाव कुणाकुणाला कळलं?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या बंदराला. मी स्वतः पुसून आले ते दगडावरून."

बाबांच्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानाशी गेलं. तिला वाटलं, सुटले बिचारे. तिने पदराने ते टिपलं.

"आता का रडता, बाबा? मान वर करून जगा आता. इतकी वर्षं गप्प का राहिलात, तेवढं सांगा मला."

बाबांनी तिचा लाल रंगाने माखलेला हात दोन्ही हातांत धरला. धाप लागत होती, तरी ते थांबत थांबत बोलले.

"मी बाहेरून चक्र ओढत होतो, बाळ. तेव्हा बोलायच्या नळीतून त्याचा आवाज आला. म्हणाला, दार मी बांधलंय, उघडू नकोस, सगळे बुडाल. आणि म्हणाला, तिच्या पोटात माझं मूल आहे, आमचं लग्न राहून गेलं, आता तू कर तिच्याशी."

तिचा हात न सोडता ते पुढे म्हणाले,

"तसं केलं मी. तुझ्या आईशी."