चांदावर अडकलेला बाप्या

मोतीबिंदूनं डोळे गेले तेव्हापासून हिंमतरावांची पत्र्याची पेटी बंदच होती. तीत माणूस चंद्रावर जायच्या आधीच कुण्या बारक्या छापखान्यानं काढलेल्या चंद्रसफरीच्या चित्रकथा होत्या, धाड गावच्या बाजारातून एकेक करून जमवलेल्या. एका दुपारी बायकोनं, सोजराबाईनं, शेवटचा अंक मांडीवर घेतला. तिला अक्षर येत नव्हतं, चित्रं पाहूनच ती सांगू लागली, “हा बाप्या कणगीत बसून चांदावर गेला. कणगी फुटली. आता एकटाच खाली पाहून राह्यला.” हिंमतराव हसले नाहीत. छापखाना बुडाला, पुढचा अंक निघालाच नाही आणि तो अंतराळवीर इतकी वर्षं तिथंच अडकून पडला होता. सोजराबाईला हे कुठलं ठाऊक? मागचं कोरं पान उलटून ती सांगतच राहिली, “मंग त्यानं कणगी लिंपली अन् घरी आला.” हिंमतराव सरसावून बसले. “मंग? जेवला का वं तो?”