मधल्या पाण्यात

झुंबरबाई धरणाच्या काठावर गोवऱ्यांच्या विस्तवातून बट्ट्या उकरून काढत होती, तेव्हा घरच्यांची नावेतली दुसरी फेरी चालली होती. शिरपूरकडच्या गावाहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून पंधरा माणसं सहलीला आली होती. पहाटे उठून पीठ तिनंच मळलं होतं, वांगीही तिनंच चिरली होती.

"माय, तू मांगून बठजो," नावेत चढताना मोठी सून म्हणाली होती.

मागून जेवणं झाली. सगळ्यांना वाढता वाढता तिच्या वाट्याला दोन बट्ट्या आणि पातेलं पुसण्यापुरतं वरण उरलं. पुरुष पळसाखाली आडवे झाले, टेप लागला, सुना पोरांना घेऊन धरणाच्या भिंतीवर फिरायला गेल्या. झुंबरबाई भांडी घेऊन पाण्याशी बसली. बसताना कण्हली, ते तिचं तिलाच ऐकू आलं.

नाववाला चुडामण रिकामी नाव काठाला लावत होता.

"अक्का, तुम्ही तर बठनातच नही."

"भांडा घासाना शेतस, भाऊ."

"भांडा कोठे जातस? या."

तिनं अर्धं घासलेलं पातेलं तसंच वाळूत ठेवलं आणि राखेच्या हातांनीच नावेची कड धरून वर चढली.

काठ लांब गेला तसे आवाज बारीक होत गेले. तळ्याच्या मध्यावर ती म्हणाली, "आठेच थांब जरासा."

चुडामण थांबला. तिनं एक हात कोपरापर्यंत पाण्यात सोडला. पाणी गार होतं. आपण आता कुणाच्याच हाताशी नाही, हे ध्यानात यायला तिला थोडा वेळ लागला.

तेवढ्यात काठावर तिचा नवरा पितांबर उभा राहून ओरडायला लागला. मग भिंतीवरून परतलेली मोठी सूनही ओरडायला लागली.

"अक्का, चहाची साखर कोठे शे, इचारी राहिनात," चुडामण म्हणाला.

साखर ट्रॉलीत होती, पिठाच्या डब्यामागे. झुंबरबाईला पक्कं ठाऊक होतं.

"माले काही ऐकू नही येस," ती म्हणाली, आणि मागच्या जाळ्यांच्या ढिगावर डोकं टेकून तिनं डोळे मिटले.

चुडामणनं काठाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग वल्हं पाण्यातून काढून, आवाज न करता, नावेत आडवं ठेवलं.