बाईंची फुली

बाहेर बोटीचं इंजिन थांबलं तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या घरातही पाणी बाईंच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं. पहिल्याच लोंढ्यात पुस्तकांचं कपाट दारावर आडवं पडलं होतं आणि दोन तास ढकलूनही ढिम्म हलत नव्हतं. खिडकी मागच्या बाजूला, तिला गज. मोबाईलला रेंज नाही. आणि आता जिन्यात चक्क माणसांचे आवाज! देवच पावला म्हणायचा.

"सगळ्या दारांवर फुल्या आहेत रे," एक जण म्हणाला.

"कुणी मारल्यात?"

"करवतबाईंनी."

"मग बघायलाच नको. त्यांची फुली म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. चल."

फुलीचा नियम बाईंचाच होता. नगरपालिकेच्या पूर विभागात चौतीस वर्षं कारकुनी केली, त्यात काढलेला. घर रिकामं झालं की दारावर तेलकट खडूने फुली मारायची, म्हणजे बोटवाल्यांचा वेळ वाया जात नाही. निवृत्त झाल्या तरी खोड गेली नव्हती. वादळाची सूचना आली आणि आज सकाळी बाईंनी इमारतीतली चोवीसच्या चोवीस घरं हाकलून बाहेर काढली. "काकू, ती कुंडी खाली ठेवा! जीव वाचवायचाय, बाग नाही!" जिभेला धार होतीच. करवत हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. शेवटी त्यांनी स्वतःचं दार लावलं आणि त्यावरही फुली मारली. नियम म्हणजे नियम. यादीत स्वतःच्या नावापुढे खूण केली, यादी सगळ्यांना शाळेत हलवणाऱ्या ट्रकवाल्याच्या हातात दिली, आणि मग आठवलं, रक्तदाबाच्या गोळ्या वर राहिल्या. "तुम्ही व्हा पुढे. शाळा दोन गल्ल्यांवर तर आहे, मी आलेच चालत." समुद्र काही तेवढं थांबला नाही.

काळ्या दगडावरची रेघ! ते ऐकून बाईंचा ऊर भरून आला. चौतीस वर्षांत ऑफिसात कुणी एवढं म्हटलं नव्हतं. त्या ऐकतच राहिल्या. भानावर येऊन "अहो, मी आहे इथे!" असं ओरडल्या, तोवर इंजिन सुरू झालं होतं. वाऱ्यापुढे त्यांचा आवाज दारापलीकडेही गेला नाही.

पाणी कमरेला लागलं. बाई टेबलावर चढून बसल्या. इतरांना मुलं होती, सुना होत्या, फोन करकरून जीव खाणारे जावई होते. यांना एक बहीण, ती परदेशात, वर्षातून एकदा बोलणार. विचारणार कोण? आणि कुणी विचारलंच तर यादी होती. यादीप्रमाणे बाई शाळेत सुखरूप पोचल्या होत्या. माणूस खोटं बोलेल, कागद बोलणार नाही, हे त्या जन्मभर लोकांना ऐकवत आल्या होत्या. एकटं राहायची त्यांना सवय होती. एकटं मरायची नव्हती. बाई तोंडावर पदर धरून रडल्या, मग लक्षात आलं की बघायला कुणीच नाही, आणि मोठ्याने रडल्या.

पाणी टेबलाला टेकलं तेव्हा दारावर कुऱ्हाडीचा घाव बसला. दुसरा बसला, तिसरा बसला. फळी फुटली आणि त्यातून तळमजल्यावरच्या टॅक्सीवाल्याचं डोकं आत आलं. फाटकात गाडी लावतो म्हणून बाई रोज सकाळी ज्याचा उद्धार करायच्या, तोच.

थंडीने बाईंचे दात वाजत होते. तरी तोंडातून निघायचं तेच निघालं. "डोळे फुटलेत का? दारावरची फुली दिसली नाही?"

"दिसली ना बाई. यादीही बघितली." टॅक्सीवाल्याने हात पुढे केला. "पण दुपारी शाळेत जेवणाची रांग लागली. लोक मध्येच घुसायला लागले, कुणी दोनदोन ताटं घेतली, कुणी अख्खं पातेलं सांडलं. आणि कुणी ओरडलंच नाही, हो. तेव्हा सगळ्यांना एकदम कळलं, तुम्ही आलाच नाहीत, आणि आम्ही बोट काढली."